थोरल्या घरचं पातेलं

रानडुक्कर मेलं ते नेमकं गुरुवारी मेलं, इथंच सगळा घोळ झाला. शुक्रवारी मेलं असतं तर दुपारपर्यंत त्याचा रस्सा होऊन वाडीभर वास सुटला असता आणि मला सांगायला काही उरलंच नसतं. पण जनावराला वार कुठं कळतो!

पहाटे कंपनीच्या बसनं त्याला रस्त्यावर उडवलं. पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या आमच्या रानाला लागून चाकणकडं जातात, आणि कशा जातात ते बघायचं असेल तर एकदा येऊन उभं राहा. ड्रायव्हर थांबलासुद्धा नाही. डुक्कर तसंच फरफटत आमच्या बटाट्यात शिरलं आणि सरीत आडवं झालं. ज्या सऱ्या त्यानं आणि त्याच्या गोतावळ्यानं नवरात्रभर उकरून खाल्ल्या, त्यातल्याच एका सरीत. मामा, म्हणजे माझे सासरे कोंडीराम, पाणी धरायला गेले होते. त्यांनी बॅटरी मारली तेव्हा त्याचा मागचा पाय हलत होता. पाणी तसंच सोडून मामा पळत घरी आले.

"अगं ए, ऊठ! पोत्यानं बटाटा खाल्ला त्यानं, आज देवानं व्याजासकट पदरात टाकलं बघ!"

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई कुशाबाई, उठून बसल्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "आज वार कोणता?"

गुरुवार. आत्यांचा उपास. आमच्या घरात गुरुवारी अंड्याचं टरफलसुद्धा दिसत नाही. मामा म्हणाले, "मग उद्या खाऊ. कुठं पळून जातंय आता ते?"

खरं आहे. मेलेलं डुक्कर पळून जात नाही. पण तेवढ्यानं भागलं असतं तर काय पाहिजे होतं!

आधी मला हे सांगू द्या की मी या वाडीची नाही. मी विजयश्री, उदगीरकडची. माझे वडील कामासाठी थेरगावला आले, तिथंच आम्ही वाढलो. रविवारी डांगे चौकात रांगेत उभं राहायचं आणि काळ्या पिशवीत मटण घेऊन यायचं, एवढंच मला त्यातलं ठाऊक. लग्न होऊन इथं आले तेव्हा कळलं की शिकारीचं मटण म्हणजे नुसतं मटण नसतं. ते भावकीचं असतं. रानातलं जनावर कुणाच्याही रानात पडो, पहिली सुरी भावकीतल्या थोरल्या माणसानं लावायची. मुंडी थोरल्या घरी जायची. मग बाकीचे वाटे. आणि वाटा ज्या भांड्यातून नेतात ते भांडं परत करताना रिकामं द्यायचं नाही, मूठभर काहीतरी घालूनच द्यायचं.

आता आमचं थोरलं घर म्हणजे मामांचे सख्खे भाऊ धोंडीबा. हाकेच्या अंतरावर घर. आणि त्यांचं आमचं सहा वर्षांपासून बोलणं बंद.

कारण? बांध. दुसरं काय असणार! मामांनी भाड्यानं लावलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं बांध थोडा कोरला. थोरले मामा टेप घेऊन आले. एकानं एक म्हटलं, दुसऱ्यानं दोन म्हटली, आणि चार माणसांदेखत थोरले बोलून गेले, "आजपासनं तुझ्या दारचं पानी मला वर्ज्य." आमचे मामा काय कमी? ते म्हणाले, "तुला विचारतंय कोन?" झालं. दोघं भाऊ मिशीला पीळ देत आपापल्या घरी गेले आणि मधे सापडल्या त्या दोघी जावा. थोरल्या यशोदाबाई आणि आमच्या आत्या. एका मांडवात लग्न लागलेल्या, एका पाट्यावर वाटण वाटलेल्या. यशोदाबाई आत्यांना 'कुशे' म्हणायच्या. एवढ्या वाडीत आत्यांना नावानं हाक मारणारं ते एकच माणूस. बाकी सगळ्यांच्या त्या काकू, मावशी, नवनाथची आई. आता नळावर दोघी समोरासमोर आल्या की खाली बघून हंडा भरतात. मी स्वतः बघितलंय. वाईट वाटतं, पण मी पडले सून, मला कोण विचारतो!

उजाडायच्या आत डुक्कर हलवायला पाहिजे होतं, कारण नंतर रस्त्यावरून सगळं दिसलं असतं. माझे मिस्टर नवनाथ पहिल्या शिफ्टला गेले होते. मग शेजारच्या अंबूबाईंच्या गणराजला उठवलं. तो टेम्पो चालवतो, अंगानं दांडगा आहे. त्यानं आणि मामांनी पायाला दोर बांधून, खाली पोतं घालून, ते धूड ओढत आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणलं. मी म्हटलं, "मामा, फॉरेस्टवाल्यांना कळवायला नको का?" मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचे शब्द गिळून टाकले.

आत्या डुकराजवळ बसल्या. बसचा मार पोटावर बसला होता. आत्यांनी पोटावर तळवा दाबला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आत फुटलंय ह्ये," त्या म्हणाल्या. "पोट लगीच काढाय पायजे."

"काढाय तर पायजेच," मामा म्हणाले. "आतडी काढून, धुवून, सावलीला टांगलं तर उद्यापोतर काय होत न्हाई."

"मग काढा की," गणराज म्हणाला. त्यानं सुरीही आणली होती.

कुणी हात पुढं केला नाही. मामा सुरीकडं बघत राहिले, आत्या मामांकडं. मला आधी काही उमगलंच नाही.

"पयली सुरी दादाची," शेवटी मामाच हळू आवाजात म्हणाले.

"मग बोलवा त्यांना."

"मी न्हाई बोलवणार. माझा जीव गेला तरी न्हाई."

आत्या उठल्या. पदर खोचला. सहा वर्षांत त्यांच्या तोंडावर असलं तेज मी बघितलं नव्हतं. "तुमी नका बोलवू," त्या म्हणाल्या, "डुक्कर बोलवतंय. मुंडीचा सांगावा गेला की थोरल्यांना न्हाई म्हनता येत न्हाई. यावंच लागतंय."

मग मला कळलं. मामांनी डुक्कर बघितलं ते मटण म्हणून, आणि आत्यांनी बघितलं ते थोरल्या घराच्या दाराची किल्ली म्हणून. बांधाच्या भांडणात कुणी कुणाला बोलावणार नव्हतं, कुणी कुणाकडं जाणार नव्हतं. पण शिकारीचा सांगावा भांडणात मोडत नाही. तो द्यावा लागतो आणि घ्यावाही लागतो.

अंबूबाईंना सांगावा देऊन धाडलं. आम्ही शेडच्या दारात उभ्या. अंबूबाई गेल्या तशा आल्या.

"काय म्हनाली थोरली बाई?" आत्यांनी विचारलं.

"'बघते' म्हनाली."

"आनि?"

"आनि काय न्हाई. थोरलं घरात नव्हतं. तिनं ऐकलं अन पिशवी घेऊन कुठं तरी निघाली. चप्पल घालताना तोंड बी वर केलं न्हाई बाई."

मामा फाडकन उठले. "निघाली! बघितलंस? मुंडीचा सांगावा आला अन ही गावाला निघाली! आन रं ती सुरी!"

आत्या मामांच्या आणि डुकराच्या मधे उभ्या राहिल्या. "दुपारपोतर थांबा," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी थांबा."

मामांनी सुरी पत्र्यात खोचली आणि ते तंबाखू मळत बाहेर जाऊन बसले. बोलतात कितीही, पण आत्यांनी काही मागितलं तर मामांना नाही म्हणवत नाही. तसं त्या मागतही नाहीत कधी.

मग जे केलं ते सगळं उलटं केलं. रस्त्यावरून दिसू नये म्हणून शेडचं दार लावलं. माश्या बसू नयेत म्हणून कंपनीतून आणलेला प्लास्टिकचा जाड कागद डुकरावर पांघरला आणि कडेनं दगड ठेवले. वर पत्रा, खाली प्लास्टिक, बाहेर ऑक्टोबरचं ऊन. दहा वाजल्यापासूनच पत्रा तडतडायला लागला. मी एकदा कागद उचलून बघितला तर आतून वाफ आली आणि कागदाला घामासारखं पाणी सुटलेलं. पोट टम्म फुगून एक पाय वर उचलला गेला होता.

मी सरळ मामांना म्हटलं, "मामा, पोट तेवढं काढू. मुंडीला हात लावू नका. मुंडी थोरल्या मामांची म्हणून बाजूला ठेवू. कुणाचा मान गेला त्यात?"

गणराज हसला. "वहिनी, तुमच्या थेरगावात चालत असंल तसं. हितं पयली सुरी म्हंजे पयली सुरी."

म्हटलं, खा मग पहिली सुरी. माझी मुलगी संस्कृती चार वर्षांची आहे, तिच्या ताटात मी यातला तुकडा पडू देणार नाही, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं.

आत्या ओसरीवर पाटा धुवून बसल्या होत्या. उपास, तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि खोबरं भाजून, कांदा भाजून, उद्याचं वाटण आजच वाटत होत्या. घरात मिक्सर असताना.

"आत्या, मिक्सरला लावून देते की."

"नगं. थोरल्या बाईला मिक्सरचं वाटन चालत न्हाई. चोथा लागतो म्हनती."

मला रागच आला. "त्या येणार असतील तेव्हा ना! आत्या, तुम्हांला दिसत नाही का तिकडं काय चाललंय? सडतंय ते!"

आत्यांचा हात थांबला. वरवंट्यावर दोन्ही तळवे तसेच ठेवून त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

"विजू, मला ठावं न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "माझ्या म्हायेरी किती शिकारी बघितल्यात म्या. पोट बंद ऱ्हायलं की मास आतनं जातं. शेंबड्या पोराला बी कळतंय. पर आज ह्यांनी सुरी लावली, तर उद्या समदी म्हनतील, कोंड्यानं थोरल्याचा मान खाल्ला. मग झालंच. मग मी मेले तरी ती यायची न्हाई, अन ती गेली तरी मला कुनी सांगायचं न्हाई. बांधाचं भांडान मिटंल गं कधी तरी. मानाचं मिटत न्हाई."

आणि त्या रडायला लागल्या. आवाज नाही, काही नाही. वाटण वाटता वाटता डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात वाटणाचे, म्हणून पुसताही येत नव्हतं. मी माझ्या ओढणीनं त्यांचे डोळे पुसले. मघाशी आलेला राग कुठं गेला कुणास ठाऊक. मी घरात जाऊन नवनाथला फोन लावला.

"शिफ्ट सुटली की चाकणातून बर्फ घेऊन या."

"बर्फ? कशाला?"

"डुकराला."

तिकडं मशिनचा आवाज होता, त्यामुळं मला हे तीनदा ओरडून सांगावं लागलं. त्यांच्या लाईनवर अजून त्यांना त्यावरून चिडवतात.

नवनाथ मोटरसायकलवर पोत्यात बर्फाच्या लाद्या बांधून आले. निम्मा बर्फ रस्त्यानं ठिबकून गेला होता, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. आम्ही लाद्या फोडून डुकराच्या अंगावर घातल्या. राठ केसांवरून बर्फ नुसता घसरून खाली पडत होता. वरून बर्फ आणि आत भट्टी! मामांनी बैलासाठी आणलेलं खडेमिठाचं पोतं दारात आणून ठेवलं, म्हणाले, कापल्या कापल्या मीठ चोळू. कापणार कोण ते बोलले नाहीत. एव्हाना शेडमध्ये तो वास सुरू झाला होता, गोडूस, घशात बसणारा. प्रत्येकाला येत होता. प्रत्येक जण आत जाऊन येत होता आणि कुणीच काही बोलत नव्हतं.

दिवस कलला. मामा म्हणाले, "बास झालं. न्हाई येत त्यो. मी लावतो सुरी."

या वेळी आत्या आडव्या आल्या नाहीत. ओसरीच्या खांबाला धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मामांनी पत्र्यातली सुरी काढली, अंगठ्यावर धार बघितली, आणि तेवढ्यात गणराज रस्त्याकडं बघून म्हणाला, "त्यो कोन येतोय?"

बांधावरून एक माणूस झपाझप येत होता. निळा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, छातीला कंपनीचा बिल्ला, कमरेला दोरीनं अडकवलेली शिट्टी. एका काखेत टोपी, दुसऱ्या हातात पिशवी. वॉचमन. कुठल्या तरी कंपनीचा वॉचमन आपल्या बांधावर कशाला, असंच मला वाटलं. जवळ आल्यावर चेहरा दिसला.

थोरले मामा होते.

सगळ्यांची नजर त्या निळ्या शर्टावर. कारण वाडीला सांगितलेलं होतं की धोंडीबा कंपनीत सुपरवायझर आहेत. यशोदाबाईंनी सांगितलं होतं, थोरल्यांनी सांगितलं होतं, आणि भांडण असूनसुद्धा आमचे मामा चार लोकांत "आमचा दादा सुपरवायझर हाय" असंच म्हणायचे. थोरले रोज घरून धोतर नेसून निघायचे आणि धोतर नेसूनच परत यायचे. मधले बारा तास ते कुठल्या गेटवर उभं राहून गाड्यांना सलाम मारतात, हे वाडीत कुणाला माहीत नव्हतं. गणराजच्या ओठावर हसू आलं तसं अंबूबाईंनी त्याच्या दंडाला चिमटा काढला.

थोरले मामा शेडच्या दारात थांबले. आपल्या शर्टाकडं सगळे बघतायत हे त्यांना कळत होतं. त्यांनी टोपी काखेत आणखी दाबून धरली.

"मोबाईल जमा असत्यात आमचं," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "यशोदा सकाळीच सहा सीटरनं गेटावर आली, सांगून गेली. बदलीचा रिलिव्हर येईना. त्याच्याबिगर गेट सोडता येत न्हाई. सायबाच्या पाया पडायचा ऱ्हायलो." मग म्हणाले, "कापडं बदलाया थांबलो न्हाई. म्हनलं, जनावर वाट बघतंय."

त्यांनी पिशवीतून पातेलं काढून आत्यांच्या पुढं ठेवलं. जुनं, कल्हई केलेलं पितळी पातेलं. वाट्याचं. म्हणजे यशोदाबाई सकाळी पिशवी घेऊन निघाल्या होत्या ते हे पातेलं गेटावर पोचवायला! आणि आम्ही काय काय बोललो होतो.

मामांच्या हातात अजून सुरी होती. त्यांनी ती उलटी करून मुठीकडून भावाला दिली. थोरल्यांनी ती कपाळाला लावली, गुडघ्यावर बसले, प्लास्टिक बाजूला केलं आणि पोटाला पहिली सुरी लावली.

फुस्सकन हवा सुटली. मी तोंडाला ओढणी लावून बाहेर पळाले, नवनाथ माझ्या मागं. आतलं सगळं हिरवंकाळं झालं होतं. थोरले मामा मात्र हलले नाहीत. त्यांनी मांडीला हाडापर्यंत चीर दिली आणि नाक लावून वास घेतला. मग दुसरी मांडी. मग खांदा. सावकाश, कुणाकडं न बघता.

"मांडीचं चांगलं निघंल दादा," मामा म्हणाले. सहा वर्षांनी 'दादा' म्हणाले ते हे. "धुवून घेऊ. मीठ चोळू."

"मसाला चढवला की काय कळतंय!" गणराज म्हणाला.

थोरले उठले. "न्हाई," ते म्हणाले. "हाडाला लागलंय. कुनी खायाचं न्हाई. कुत्र्याला बी घालायचं न्हाई. पयली सुरी माझी, तर शब्द बी माझाच."

मामांचा चेहरा बघवत नव्हता. दिवसभर शेडबाहेर उन्हात बसून बसून काळवंडलेला, त्यात आता ही नामुष्की. "सकाळीच काढलं असतं तर वाडी जेवली असती," ते म्हणाले, "पर तुझ्यासाठी थांबलो मी."

"मग काढायचं व्हतंस की रं, येड्या!"

"मान तुझा हाय."

"सा वर्सं बांधावरनं तोंड फिरवून जातुयास, अन आज मान आठवला व्हय?"

"तूच म्हनलास, माझ्या दारचं पानी वर्ज्य!" मामा ओरडले. त्यांचा आवाज फाटला. "माझ्या दारचं पानी! आईनं भरल्याला रांजन हाय त्यो, दादा!"

थोरले मामा त्यांच्याकडं वळले. हात कोपरापर्यंत घाण झालेले, छातीवर तो बिल्ला. मग खाकरले.

"मग आन की पानी," ते म्हणाले. "सकाळधरनं घशाला कोरड हाय. गेटावर कुनी इचारत न्हाई."

आत्या पळाल्या. खरंच पळाल्या, त्या वयात. आईच्या रांजणातला तांब्या भरून आणला. थोरल्यांचे हात खराब, म्हणून मामांनी तांब्या वर धरून धार त्यांच्या तोंडात सोडली. निम्मं पाणी तोंडात गेलं, निम्मं त्या निळ्या शर्टावरून ओघळलं. दोघंही रडत होते आणि दोघंही दुसरीकडं बघत होते. असले पुरुष! रडायलाही यांना आडोसा लागतो.

मग पुरायचं कुठं यावरून पुन्हा वाद. मामा म्हणाले माझ्या रानात, थोरले म्हणाले तुझ्या बटाट्यात नको, माझ्या पडीकात घाल. शेवटी थोरलेच म्हणाले, "बांधावर खड्डा खांदा. तिथं कुनाचंच पीक न्हाई." नवनाथ आणि गणराजनं टिकाव उचलला तर दोघा म्हाताऱ्यांनी हिसकावून घेतला. एक खणत होता, दुसरा माती ओढत होता. ज्या बांधासाठी टेप आली होती, तो त्यांनी स्वतःच्या हातानं छातीइतका फोडला. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून खड्ड्यात मीठ घातलं. बैलाचं पोतं पुरलं नाही, तर आत्यांनी घरातली मिठाची बरणी आणून उपडी केली. थोरले म्हणाले, "सकाळी फॉरेस्टच्या गार्डाला मी सांगतो. रानातलं जनावर सरकारचं असतं, आधीच कळवाय पायजे व्हतं." मी मामांकडं बघितलं. मामांनी मिशीवरून हात फिरवला.

हातपाय धुवून थोरले निघाले तशा आत्या कासावीस झाल्या. पातेलं तसंच ओसरीवर होतं.

"रिकामं पातेलं कसं धाडू थोरल्या घरी?" त्या मला म्हणाल्या. "आसलं कधी झालं न्हाई गं."

मी आत गेले. कोपऱ्यात डुकरानं उकरलेले बटाटे पडले होते, कुरतडलेला भाग कापून काढला की बाकीचे चांगले. पाट्यावरचं वाटण तसंच झाकून ठेवलेलं. मी चूल पेटवली. "भाऊजी, अर्धा तास बसा," आत्यांनी बाहेर हाक दिली आणि सहा वर्षांनी थोरले मामा आमच्या ओसरीवर बसले. डुकराचं वाटण बटाट्यावर पडलं. रश्श्याला असला तवंग आला की गणराजसुद्धा दारात घुटमळायला लागला. आत्यांनी उपास त्या रश्श्यावर सोडला, पण आधी पातेलं काठोकाठ भरून, फडक्यात बांधून थोरल्यांच्या हातात दिलं.

"जेवून जावा की भाऊजी."

"घरी जाऊन तिच्यासंगं खातो. ती पन सकाळधरनं तशीच असंल."

ते गेले. या वेळी बांधाच्या मधोमध, नव्या मातीवर पाय देत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. आत्या चुलीपाशी. फाटक वाजलं म्हणून वर बघितलं तर यशोदाबाई. हातात घासून लख्ख केलेलं ते पातेलं. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही, सरळ ओसरीपाशी गेल्या आणि आत तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या,

"कुशे! रश्श्यात मीठ नव्हतं गं!"

आत काहीतरी हातातून पडल्याचा आवाज झाला. आत्या दारात आल्या. पिठाचे हात तसेच. म्हणाल्या, "डुकरानं खाल्लं समदं मीठ, बाई."

"म्हनूनच आनलं," यशोदाबाई म्हणाल्या. पातेलं त्यांनी आत्यांच्या हातात दिलं नाही. उंबऱ्यावर ठेवलं आणि फडकं काढलं. पातेलं काठोकाठ मिठानं भरलेलं होतं.

"हातात देत न्हाई," त्या म्हणाल्या. "मीठ हातात दिलं की भांडान व्हतंय. आता परत सा वर्सं नगं. उचल, आत घिऊन जा, अन च्या ठेव."